हेडरचे वीस घोडे आणि जानेवारीची हवा

गेल्या महिन्यात एकच निरोप मला चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप तर सोसायटीच्या टँकरचा हिशेब ठेवायला काढलेला आहे. निरोप असा: ‘कंपनीचा मॅनिफोल्ड गाडीचा गळा दाबतो. आफ्टरमार्केट हेडर बसवा, थेट 20 हॉर्सपॉवर वाढते. ईसीयूला हात लावायला नको. दहा-बारा नट, दोन तासांचं काम, घरच्या पार्किंगमध्ये होतं. कॅट निघाल्यामुळे ॲव्हरेजही वाढतं. बोनेटच्या आतला पार्ट आहे, आरटीओला दिसत नाही, पीयूसी निघते. कुठल्याही गाडीला चालतो.’ (मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग, हेडर म्हणजे त्याच्याऐवजी बसवायच्या नळ्या, कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर.) सोबत पुरावा म्हणून नाशिकच्या त्र्यंबक रोडवरचे स्पीडोमीटरचे दोन व्हिडिओ, एक आधीचा, एक नंतरचा.

मी हेडरच्या विरोधातला माणूस नाही. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला मी स्वतः, इंदिरानगरच्या सोसायटीत, पुठ्ठ्यावर पाठ टेकून हेडर बसवला होता आणि दीड वर्ष वापरला. म्हणून तर हा निरोप जास्त खुपतो. त्यात एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्या आडोशाने बाकीच्या थापा खपून जातात.

खरी गोष्ट म्हणजे पहिलं वाक्य, तेही अर्धंच. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आखूड असतो. चारही सिलिंडरांचा धूर लगेच एका जागी येतो आणि एकाचा धक्का दुसऱ्याच्या पोर्टवर जाऊन आदळतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की दाबाची लाट त्या नळीतून धावते. सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे पोचली की तिथून उलटी, ओढणारी लाट माघारी फिरते. ती वेळेवर परतली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि पाठोपाठ ताजी हवा आत येते.

सगळं अडतं त्या ‘वेळेवर’पाशी. तापलेल्या धुरात ही लाट सेकंदाला साधारण 500 ते 600 मीटर धावते. 80 सेंटिमीटरच्या नळीत जाऊन यायला तिला तीनेक मिलिसेकंद लागतात. 6,000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक शंभरेक अंश फिरतो, 3,000 ला त्याच्या निम्मा. म्हणजे जी नळी वरच्या आरपीएमला जुळते ती खाली जुळणार नाही, आणि खाली जुळणारी वर जुळणार नाही. फोर-वन हेडर, म्हणजे चार नळ्या थेट एकात, वरच्या टोकाला ताकद देतो; फोर-टू-वन, म्हणजे आधी दोन-दोन जोडून मग एक, मधल्या पट्ट्यात. द्वारका चौकात दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या माणसाला फोर-वनने काय मिळणार? आवाज.

जाता जाता, हेडरला नावं ठेवणाऱ्या काकामंडळींचंही एक चुकतं. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, नाहीतर पिकअप जातो,’ असं ते छातीठोकपणे सांगतात. मागचा दाब इंजिनाला कधीच नको असतो. हवा असतो नळीतल्या धुराचा वेग. गरजेपेक्षा जाड नळी लावली की धूर मंदावतो, खालचा टॉर्क पडतो, आणि खापर फुटतं बॅक प्रेशर कमी झाल्यावर.

आता ते वीस घोडे. माझी सिटी कंपनीतून 106 घोड्यांची आली होती. त्यावर वीस म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, तोही कॅम, कॉम्प्रेशन, इनटेक यातलं काहीही न बदलता. असं होत नाही. मला वरच्या आरपीएमला थोडा मोकळेपणा जाणवला आणि 2,500 च्या खाली गाडी आधीपेक्षा सुस्त वाटली. ‘जाणवला’ आणि ‘वाटली’ हे शब्द मुद्दाम वापरतोय, कारण मीही मोजलं नव्हतं. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतंच.

पण व्हिडिओ तर आहेत ना? आहेत. दोन्ही पुन्हा बघा आणि स्पीडोमीटर सोडून त्याच्या शेजारचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बघा. ‘आधी’च्या व्हिडिओत 39 अंश आहेत, ‘नंतर’च्यात 11. एक एप्रिलची दुपार, दुसरी जानेवारीची पहाट. निफाडच्या द्राक्षवाल्याला विचारा जानेवारीची पहाट काय असते; तिथे बागा वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटतात. 39 वरून 11 वर आलं की हवा जवळजवळ 10 टक्के दाट होते. ताकद तितकी वाढत नाही, पण डायनोवाले, म्हणजे यंत्रावर गाडीची ताकद मोजणारे, तापमानासाठी जी दुरुस्ती करतात त्या हिशेबाने 106 घोड्यांच्या गाडीत पाचेक घोडे नुसत्या थंडीचे निघतात. ते हेडरच्या खात्यावर जमा केलेत. मोजायचंच असेल तर एकाच दिवशी, एकाच डायनोवर, टायरमध्ये तीच हवा ठेवून, आधी तीन आणि नंतर तीन रन घ्या. आणि त्र्यंबक रोडवर भाविक पायी चालत असतात, तिथे हे प्रयोग करू नका, एवढंच सांगतो.

‘ईसीयूला हात लावायला नको.’ रोजच्या हलक्या चालवण्यात हे बऱ्यापैकी खरं आहे. ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला एक असं राखत राहतो. पण पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आत भरून दिलेल्या तक्त्यावर चालतो. ज्या गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅप सेन्सरने मोजलेल्या इनटेकमधल्या दाबावरून अंदाज बांधतात, त्यांच्या तक्त्यात जुना मॅनिफोल्ड धरलेला असतो. हेडरने खरोखर हवा जास्त भरली, तर नेमकं तिथेच पेट्रोल कमी पडतं. म्हणजे हेडर जितका चांगला, तितकी ट्यूनिंगची गरज जास्त. ट्यूनिंगशिवाय काहीच बिघडलं नाही असं कोणी सांगत असेल, तर बहुधा वाढलंही काही नसतं.

‘दहा-बारा नट, दोन तास.’ इथे जरा थांबतो, कारण माझे नऊ दिवस इथेच गेले.

नट मोजायला सोपे आहेत. पण ते वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन स्टडशी, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये रुतवलेल्या आट्यांच्या दांड्याशी, एकजीव झालेले असतात. मी आदल्या रात्री रस्ट पेनिट्रंट (गंज सैल करणारं तेल) मारायचा कंटाळा केला, सकाळी गोटी (सॉकेट) लावून त्यावर पाइप चढवला आणि जोर दिला. तिसरा स्टड साबणासारखा मऊ फिरला. अशा वेळी माणसाला क्षणभर आनंद होतो की नट सुटला. सुटलेला नव्हता. हेडच्या तोंडाशी तुटला होता. मग मी दुसरी चूक केली, तुटलेला स्टड काढायचा एक्स्ट्रॅक्टर ठोकला आणि तोही आत मोडला. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद इतकं कडक की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. ते घसरून बाजूच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये शिरतं. शेवटी हेड उतरवून अंबडला नेलं. तिथल्या लेथवाल्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

‘भाऊ, किती वर्षं झाली नट उघडून?’

‘कंपनीतून आल्यावर पहिल्यांदाच.’

‘मग मोडायच्या आधी यायचं ना. गॅसने तापवून पाच मिनिटांत काढून दिला असता.’

हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली, हेडचं पॅकिंग नवं, टायमिंग बेल्टही नवा. हेडरपेक्षा जास्त खर्च त्या एका स्टडचा झाला. दोष ना गाडीचा, ना हेडरचा. माझ्या घाईचा.

घरी करायचंच असेल तर दोन रात्री आधीपासून पेनिट्रंट मारा. नट सोडवताना इंजिन कोमट असू द्या, हात भाजेल इतकं गरम नको. अडला तर थोडा घट्ट करा, मग सैल, परत घट्ट. ऑक्सिजन सेन्सरसाठी 22 चा, वायर जायला खाच असलेला सॉकेट आणा. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. आणि गाडीखाली जाणार असाल तर घोड्या (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही.

पुढची गंमत नवा हेडर हातात आल्यावर. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट पट्टी, वाकलेला असू शकतो. स्ट्रेटएज ठेवून फिलर गेज घालून बघा. वाकडा असेल तर आधी फेस मारून (मशीनवर सपाट करून) घ्या, नट आवळून सरळ होईल या भरवशावर राहू नका. चारही पोर्टवर तो जोर न लावता बसला पाहिजे. नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. पॅकिंग धातूचं घ्या. ‘थोडा सिलिकॉन लावू की’ असा मोह होतो, तो आवरा. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट दोन्ही खराब करते.

फ्लेक्स पाइपबद्दल निरोपात अक्षरही नाही. इंजिन जागच्या जागी डोलतं, मागचा सायलेन्सर बॉडीला टांगलेला असतो. मध्ये लवचीक तुकडा नसेल तर सगळा ताण वेल्डवर येतो. शिवाय स्टेनलेस स्टील ओतीव लोखंडाच्या दीडपट फुगतं. 60 सेंटिमीटरची 304 स्टेनलेसची नळी 600 अंशांनी तापली की सहाएक मिलिमीटर लांबते. हे लांबणं कुठेतरी जिरलं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत तडा, मग आर्गन वेल्डिंग, मग त्याच्या शेजारी नवा तडा. वर हौसेने उष्णतारोधक पट्टी गुंडाळली असेल तर तडा दिसतही नाही. साध्या लोखंडाच्या हेडरला ती पट्टी पावसाळ्यात ओल धरून कुजवते, ते वेगळंच.

पहिल्यांदा स्टार्ट मात्र उघड्यावर करा. बेसमेंट पार्किंगमध्ये नाही. गळणाऱ्या हेडरमधून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग नाही, वास नाही. थंड इंजिनवर टिकटिक आवाज आला की गळती समजा. काही दिवसांनी पॅकिंगपाशी काजळीची रेघही दिसते. शेदोनशे किलोमीटरनंतर गाडी पूर्ण गार असताना नट पुन्हा तपासा.

ॲव्हरेजच्या दाव्याचं उत्तर या गळतीतच आहे. सेन्सरच्या आधी फ्लँज गळत असेल तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो पेट्रोल वाढवतो. माझं ॲव्हरेज पहिल्या महिन्यात घसरलं ते असं. पॅकिंग बदलल्यावर होतं तिथे आलं. वाढलं कधीच नाही.

कॅट ‘श्वास कोंडतो’ हेही तसंच ऐकीव. तो चिनीमातीसारख्या मधपोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असलेला डबा आहे. साधारण 250 ते 300 अंशांच्या पुढे काम सुरू करतो, म्हणून नव्या गाड्यांत तो इंजिनाला अगदी खेटून बसवतात; पुष्कळदा मॅनिफोल्ड आणि कॅट एकाच तुकड्यात. अशा गाडीत हेडर बसवणं म्हणजे कॅट काढणं. तुंबलेला नसेल तर तो साध्या इंजिनाचे फारसे घोडे खात नाही. आणि 1 एप्रिल 2013 पासूनच्या गाड्यांत ओबीडी-2 आहे; कॅटच्या नंतरचा दुसरा सेन्सर कॅट काम करतोय का हे बघत असतो. काढलात की चेक इंजिनचा दिवा लागतो. मग दिवा फसवायला सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे एका थापेला दुसरी.

‘आरटीओला दिसत नाही, पीयूसी निघते.’ बीएस-4 पासून पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम आहे. कॅटशिवाय तिथे पोचणं अवघड, आणि ‘मॅनेज’ करून मिळवलेला कागद म्हणजे पीयूसी नव्हे. कायद्यात बोनेटच्या आत-बाहेर असा भेद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीशिवाय केलेल्या बदलांबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या 182ए मध्ये मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाच्या कलम 190(2) खाली 10,000 पर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्सही जातं. पेठ रोडच्या आरटीओत जायची हौस असेल त्याने जावं. रॅलीची किंवा ट्रॅकची गाडी ही वेगळी गोष्ट, तिचे नियम स्पर्धेचे असतात. मी माझा हेडर या कायद्यामुळेच उतरवला आणि जुना मॅनिफोल्ड परत चढवला.

राहिलं ‘कुठल्याही गाडीला चालतो’. उतरवलेला हेडर माझ्या माळ्यावर आहे हे कळल्यावर कॉलेज रोडचा एक मुलगा मागच्या रविवारी घरी आला. ‘दादा, पडूनच आहे तर मला द्या, मी कापून-जोडून घेतो.’ गाडी कोणती विचारली तर फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, 1.5 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन. खाली गेलो, बोनेट उघडायला लावलं आणि म्हटलं, मॅनिफोल्ड दाखव. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून पाच मिनिटं शोधला. त्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे. हेडच्या बाहेर थेट टर्बो येतो. हेडर बोल्टने जोडायला जागाच ठेवलेली नाही.

‘मग निरोपात कसं लिहिलंय?’ त्याने विचारलं, आणि टॉर्च बंद न करता पुन्हा एकदा वाकून पाहिलं.