बकस्किन गल्च रद्द झाल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल गाइडशी सविस्तर बोललो, आमच्या कचेरीतून तुम्हाला गेलेल्या सगळ्या ईमेल पुन्हा वाचून काढल्या, आणि मग लिहायला बसलो. तुम्ही जाहीरपणे लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताई, त्यांचे यजमान आणि ६४ वर्षांचे वडील युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या परिया कॅन्यनमध्ये आमच्याबरोबर पाच दिवसांच्या ट्रेकला आले होते. वायर पास या ठिकाणाहून बकस्किन गल्च नावाच्या अरुंद घळीत शिरायचं आणि परिया नदीच्या काठाने लीज फेरी या ठिकाणी बाहेर पडायचं, असं ठरलं होतं. ऐनवेळी गाइडने बकस्किन रद्द केली आणि सगळ्यांना व्हाइट हाउस नावाच्या दुसऱ्या सुरुवातीच्या ठिकाणाहून परियाच्या बाजूने खाली नेलं. ताईंचं म्हणणं असं की आभाळ निळंशार होतं, पाच दिवसांत पावसाचा थेंब पडला नाही, गाइड घाबरला आणि आमची फसवणूक झाली. शिवाय पाणी गढूळ, सामान सांगितल्यापेक्षा जड, शौचाच्या पिशव्या पाठीवर वाहायला लावल्या, गाइड वडिलांवर सगळ्यांसमोर ओरडला, आणि पैसे परत मागितले तर कचेरीने एका ओळीत नकार दिला.

वाट बदलण्याबद्दल आधी बोलतो, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे आणि तिथेच मला तुमचं म्हणणं मान्य करता येत नाही.

बकस्किन ही वाळूच्या दगडात कोरली गेलेली अतिशय अरुंद घळ आहे. वायर पासहून परियाच्या संगमापर्यंत साधारण १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. मध्ये वर निघायला मिडल रूट नावाची एकच अवघड जागा आहे. ती मागे पडली की संगमापर्यंत तुम्ही त्या भिंतींच्या आतच. वर पाहिलं तर डोक्याच्या कितीतरी वर दोन भिंतींमध्ये झाडांचे ओंडके आडवे अडकलेले दिसतात. ते माणसांनी ठेवलेले नाहीत. पाणी तिथपर्यंत चढलं होतं.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, याची मला जाणीव आहे. मीही तिथलाच. आपल्याकडे पाऊस आला की तो अंगावर येतो. सांदण दरीत पावसाळ्यात कुणी उतरत नाही, कारण ढग डोक्यावरच उभे असतात. इथे तसं नाही. पाऊस पडतो दूरच्या पठारावर, उघड्या खडकावर आणि कोरड्या कडक जमिनीवर. ते पाणी मुरत नाही, घळीत उतरतं आणि तुम्ही उन्हात उभे असताना तुमच्यापर्यंत पोचतं. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक अशा लोंढ्यात वाहून मेले. वादळ कित्येक मैल दूर, घळीच्या वरच्या बाजूला झालं होतं, त्या जागी पाऊस जेमतेम होता. मी या भागात काम करायला आलो तेव्हा पहिल्यांदा मला हीच हकिगत सांगितली गेली. नवीन गाइड आला की मीही त्याला हीच सांगतो.

राष्ट्रीय हवामान सेवा इथल्या घळींसाठी रोज अचानक पुराचा अंदाज देते. त्याच्या चार पायऱ्या आहेत: अपेक्षित नाही, शक्य, संभवनीय, अपेक्षित. तुम्ही निघालात त्या सकाळी तो 'संभवनीय' होता. आमचा नियम असा की पहिल्या पायरीच्या वर काहीही असलं तर बकस्किनमध्ये माणूस न्यायचा नाही. गाइडने रेंजरशी बोलून वाट बदलली. पहिला मुक्काम अरुंद भागाच्या अलीकडे, उंच वाळूच्या ओट्यावर केला. दुसऱ्या दिवशी पहाटे नदीची पातळी पाहिली आणि मगच पुढे नेलं. व्हाइट हाउसहून साधारण चौथ्या मैलापासून नवव्या मैलापर्यंत परियाही चिंचोळी होते, म्हणून तो पट्टा मध्ये कुठेही न रेंगाळता पार केला. तुम्ही लिहिलंय की 'आम्हाला फोटोसाठीसुद्धा थांबू दिलं नाही'. हो, दिलं नाही.

त्या दिवशी बकस्किनमध्ये पूर आला नाही. हे मी लपवणार नाही. तरीही उद्या तसाच अंदाज आला तर त्या गाइडने तेच करावं, आणि त्याने वेगळं केलं तर मी त्याला कामावर ठेवणार नाही.

पण ताई, हे सगळं तुम्हाला मी आत्ता सांगतोय, तुमचे पैसे भरून झाल्यावर, ट्रेक संपल्यावर. चूक इथे आहे आणि ती माझी आहे. जुलै ते सप्टेंबर हा इथल्या पावसाचा हंगाम. त्या हंगामात आम्ही बकस्किनचा मोठा फोटो टाकून तारखा विकल्या. 'हवामानानुसार बदल होऊ शकतो' ही ओळ अटींच्या पानावर बाराव्या क्रमांकाला होती. पुण्याहून येणाऱ्या माणसाने ती वाचून असा अर्थ काढावा, ही अपेक्षाच चुकीची. यापुढे जुलै ते सप्टेंबर बकस्किन आम्ही विकणार नाही. त्या काळातल्या तारखा पानावरून काल काढल्या. ज्यांनी पुढच्या वर्षीसाठी नोंदणी केली आहे त्यांना आज फोन गेले.

पैशांच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आणि आमच्या कचेरीचं चूक. बकस्किनच्या ट्रेकसाठी आम्ही माणशी १२० डॉलर जास्त घेतो, कारण शेवटच्या मैलांत कोसळलेल्या दगडांवरून दोर लावून उतरावं लागतं आणि दुसरा गाइड लागतो. तो दुसरा गाइड तुमच्याबरोबर आलाच नाही. मग ते पैसे आमच्याकडे राहायचं कारण नाही. तिघांचे ३६० डॉलर आज परत पाठवले आहेत. उरलेली रक्कम परत करत नाही. पाच दिवसांचं काम झालं आहे, व्हाइट हाउस ते लीज फेरी हे ३८ मैल गाइड तुमच्याबरोबर चालला आहे.

पाणी. परियाचं पाणी दुधाळ लाल असतं. त्यातला गाळ इतका बारीक की गाळणी दहा मिनिटांत तुंबते. म्हणून रात्री बादलीत तुरटी फिरवून ठेवायचं, सकाळी वरचं निवळ पाणी काढून गाळायचं आणि मग प्यायचं. तुम्ही ती बादली पाहिलीत आणि 'हेच पाणी पाजलं' असं लिहिलंत. प्यायला दिलेलं पाणी गाळलेलं आणि शुद्ध केलेलं होतं. पहिला भरवशाचा झरा, बिग स्प्रिंग, साधारण बाराव्या मैलावर आहे. तोवर शक्यतो पाठीवरचंच पाणी प्यायचं असतं. वजनाची तक्रार मात्र खरी आहे. ईमेलमध्ये आम्ही '१२ किलोपर्यंत' लिहिलं होतं आणि त्यात माणशी पाच लिटर पाणी धरलंच नव्हतं. ६४ वर्षांच्या माणसाच्या पाठीवर न सांगता पाच किलो चढवले. याची मला मनापासून लाज वाटते. बाबांना तसं सांगा.

शौचाच्या पिशव्यांवर मी माघार घेणार नाही. परियामध्ये तो नियमच आहे, आणि नसता तरी मी तेच केलं असतं. मुक्कामाला एका दिवशी फक्त २० जणांना आत सोडतात, तरी सगळे त्याच मोजक्या ओट्यांवर झोपतात आणि त्याच झऱ्यांचं पाणी पितात. त्या अरुंद जागेत पुरलेलं लवकर कुजत नाही, वरचेवर उघडं पडतं, आणि पूर आला की ते नदीत. तुम्ही लिहिलंत की 'सुशिक्षित माणसांना हे करायला लावणं अपमानास्पद आहे'. मला असं वाटतं की ती घळ जशी मिळाली तशी मागून येणाऱ्यांसाठी ठेवणं यात अपमान नाही. पण हे तुम्हाला पहिल्या सकाळी गाडीजवळ, हातात पिशव्या देताना कळलं, हे वाईट झालं. आता ते नोंदणीच्या पहिल्याच पानावर आहे, पैसे भरण्याच्या आधी.

राहिला गाइडचा आवाज. बाबांचा पाय रुतणाऱ्या वाळूत गुडघ्यापर्यंत गेला आणि ते जोर लावून उपसू लागले. तसं केलं की पाय आणखी धरला जातो आणि गुडघा दुखावतो. मागे रेलून पाय हळूहळू हलवत सोडवावा लागतो. गाइडने 'थांबा' असं ओरडणं मला समजतं. त्यानंतर, बाबा बाहेर आल्यावर, 'काका, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?' असं आठ माणसांसमोर म्हणणं मला समजत नाही. त्याने काल माझ्यासमोर ते मान्य केलं. वयाने वडील माणसाशी असं बोलायचं नसतं, हे त्याला पटलंय. तो बाबांना स्वतः फोन करणार आहे. त्यांना बोलायचं नसेल तर मला कळवा, मी त्याला थांबवीन.

'द वेव्ह' ही जवळचीच लाटांसारख्या खडकांची प्रसिद्ध जागा दाखवली नाही, हीही एक तक्रार आहे. तिचा परवाना वेगळ्या सोडतीने मिळतो आणि ती या ट्रेकमध्ये कधीच नव्हती.

जाता जाता, लीज फेरीला गाडीत बाबांची चालायची काठी राहिली होती. मुठीवर तांबडा दोरा गुंडाळलेली. ती कचेरीत जपून ठेवली आहे. पत्ता ईमेलने कळवा, सोमवारी पाठवतो.