‘थायरॉईडची गोळी सोडा, सैंधवाचं पाणी प्या’: भावकीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी आत्या अहमदपूर तालुक्यात राहते. साठी ओलांडली आहे आणि थायरॉईडची गोळी कित्येक वर्षांपासून चालू आहे. मी उदगीरला औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे तिची बाटली माझ्याकडूनच जाते. या वेळी तिनं बाटली मागवलीच नाही. फोन केला तर म्हणाली, “गोळी सोडली माय. मोबाइलवर आलंय न्हवं, थायरॉईड म्हंजे आजारच नाही म्हणून. मला तर काहीच होईना गेलंय, उलट हलकं वाटूलालंय.”

तो मेसेज मी मागवून घेतला. थोडक्यात असा: थायरॉईड, बीपी, पाळीच्या तक्रारी, थकवा, केस गळणं हे वेगवेगळे आजार नाहीत, सगळ्यांचं मूळ एकच, ताण. ताणानं शरीरातलं मॅग्नेशियम संपतं, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात आणि हार्मोन बनायचं बंद होतं. आयोडीनचं मीठ विष आहे, ते फेका. अनशापोटी सैंधवाचं पाणी प्या, त्यात ८४ खनिजं असतात, जारच्या पाण्यानं खनिजं संपतात. गोळ्या ग्रंथीला आळशी करतात, सगळी औषधं आजच बंद करा. २१ दिवसांत टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) नॉर्मल. खाली एका पावडरीचा फोटो, एक मोबाइल नंबर आणि मंगल कार्यालयात ‘मशीनवर मोफत तपासणी’चं आमंत्रण.

सगळ्यात आधी गोळीचं बोलते. बाकीच्या गोष्टींनी पैसा जाईल. ही गोष्ट जीवावर बेतू शकते.

आत्याला ‘काहीच होईना गेलंय’ याचं श्रेय पावडरीला नाही. गोळीत लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचंच हार्मोन असतं, आणि ते शरीरात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. पुढच्या सात दिवसांत उरलेल्याचं निम्मं. नळ बंद झाला तरी टाकीत पाणी आहे तोवर घर चालतं, हे लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून गोळी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस माणूस ठणठणीत असतो, आणि नेमक्या याच दिवसांत तो दहा जणांना सांगतो की बघा, मी सोडली, मला काही झालं नाही. त्रास नंतर सुरू होतो आणि तोही हळूहळू. बद्धकोष्ठता, उन्हाळ्यातही थंडी वाजणं, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, मंद नाडी, विसरभोळेपणा. एका दिवसात यातलं काही येत नाही, त्यामुळे सोडलेल्या गोळीशी त्याची सांगड कुणी घालत नाही. घरचे म्हणतात वय झालं. म्हाताऱ्या माणसात हे फार ताणलं गेलं तर शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ जाते. असं क्वचित होतं, पण होतं.

आणि ही फक्त म्हाताऱ्यांची गोष्ट नाही. हाच मेसेज लग्न होऊन वर्षही न झालेल्या मुलींच्या मोबाइलवर पोचतोय. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने कामाला लागलेली नसते. त्या काळात त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. म्हणून दिवस राहिले की डॉक्टर गोळी बंद करत नाहीत, बहुतेक वेळा डोस वाढवतात. ज्या बाईनं २१ दिवसांच्या नादात गोळी सोडली आणि तेव्हाच दिवस गेले, तिच्या बाळाचं काय, हे त्या मोबाइल नंबरवर फोन करून विचारा.

‘ग्रंथी आळशी होते’ हे वाक्य मुळातच खोटं आहे. मोठ्या माणसांत थायरॉईड कमी पडण्याचं एक फार मोठं कारण म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटणं. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, म्हणून त्याचंच नाव त्याला आहे. त्यात ग्रंथी झोपलेली नसते, नष्ट होत असते. गोळी फक्त तिथं पडलेली तूट भरून काढते. शिवाय काही बाळं जन्मतःच थायरॉईड ग्रंथीशिवाय येतात. वेळेत गोळी सुरू झाली तर ती शाळेत इतरांसारखी शिकतात, नाही झाली तर मतिमंदत्व येतं. आठ दिवसांच्या बाळाला कसला ताण होता?

एवढं मात्र मान्य करावं लागेल की काही जणांची गोळी खरंच सुटते. बाळंतपणानंतर तात्पुरता बिघाड झालेल्या बायकांची सुटते. ज्यांचा टीएसएच १०च्या आत, थोडाच वर होता, अशांपैकी काहींची सुटते. पण ती डॉक्टर सोडवतात, डोस उतरवत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत.

मग ‘अमक्या ताईंचा टीएसएच २१ दिवसांत खाली आला’ म्हणून रिपोर्टचे फोटो फिरतात, त्यांचं काय? यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुकानात बसून मला हे दिसतं. केसांसाठी, नखांसाठी, ‘हार्मोन बॅलन्स’साठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी पावडरींत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर घातलेलं असतं. अनेक लॅबमधल्या मशीनची टीएसएच मोजायची रासायनिक पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की मशीन फसतं आणि टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे आजार जागेवरच असतो, फक्त कागद सुधारतो. असली पावडर चालू असेल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी थांबवा, डोस मोठा असेल तर आणखी आधी, आणि लॅबवाल्याला तसं सांगा.

खनिजांचा आणि थायरॉईडचा संबंधच नाही, असंही मी म्हणणार नाही. संबंध आहे, पण मेसेजमध्ये सांगितलेला नाही. लोह कमी असलं तर ग्रंथीला हार्मोन बनवणं जड जातं, कारण त्या कामातल्या एका एन्झाइमला लोह लागतं. दुसरी गोष्ट त्याहून रोजची आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी किंवा कॅल्शियमची गोळी बायका थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतात, वरून चहा. मग थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच उतरत नाही आणि ‘ही गोळी मला लागूच पडत नाही’ असं मनात बसतं. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. एवढं केलं तरी कितीतरी जणींचा रिपोर्ट सुधारतो. दीड-दोन रुपयांच्या गोळीवर हे सांगायला कुणी शिबिर घेत नाही.

आता ‘थकलेल्या ॲड्रिनल ग्रंथी’. हा शब्द १९९८ मध्ये अमेरिकेत एका पर्यायी उपचारवाल्यानं चलनात आणला. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी तोवरचे या विषयावरचे ५८ अभ्यास तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. थकवा आणि ॲड्रिनलचं काम यांचा मेळ कुठं लागतच नाही, असा आजार असल्याचा पुरावा नाही, असं त्यांनी शीर्षकातच लिहिलं. ताणात ॲड्रिनलचं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं. ताण लांबला म्हणून ग्रंथी रिकामी होत नाही.

ॲड्रिनल खरोखर बंद पडण्याचा आजार वेगळा आहे. त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. वजन उतरतं, चक्कर येते, उलट्या होतात, हिरड्या आणि हाताच्या रेषा काळ्या पडतात. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. त्याला सैंधवाचं पाणी नाही, तातडीनं स्टेरॉईड लागतं.

आपल्या भागात ॲड्रिनल दबण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि त्याची वाच्यता होत नाही म्हणून मला राग येतो. बाजारच्या दिवशी गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या अशा औषधांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडं सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोन दिवसांत दुखणं थांबतं ते त्यामुळं. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग पुडी एकदम बंद केली की अंगातलं त्राण जातं, बीपी खाली जातं, माणूस खाटेला लागतो. मेसेज म्हणतो ‘सगळी औषधं आजच बंद करा’. अशा माणसानं तेच केलं तर दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होईल. पुडी खात असाल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवा.

मिठाबद्दल. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्याशी सुजलेली थायरॉईड ग्रंथी, घरोघर होता. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या दोन्ही भागांत शाळकरी मुलांमधला गलगंड ठळकपणे घटला, साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. नंतर तिथंही आयोडीनयुक्त मीठ दिलं, तिथलाही घटला. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच कामाच्या आधारावर. आज खायचं मीठ आयोडीनशिवाय विकायला बंदी आहे ती मिठाच्या कंपन्यांचं भलं व्हावं म्हणून नाही.

‘विषा’चा हिशोब सोपा आहे. दुकानात पोचलेल्या मिठात ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज तेवढीच. गरोदर बाईची त्याहून जास्त. समुद्री शेवाळाच्या गोळ्या खाऊन कुणी आयोडीनचा मारा केला तर हाशिमोतो चिघळू शकतो, हे खरं. घरच्या मिठानं ती वेळ येत नाही. सैंधव म्हणजे ९७-९८ टक्के तेच सोडियम क्लोराइड, आयोडीन नावापुरतं. ज्यांना बीपी आहे त्यांनी ते अनशापोटी ग्लासभर पिणं म्हणजे बीपी वाढवायलाच घेणं. आणि त्या ८४च्या यादीत शिसं, आर्सेनिकसुद्धा येतं, म्हणून आकड्याला भुलू नका.

मशीनबद्दल फार लिहीत नाही. हातात दांडी धरायला देतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, हार्मोन असं पानंच्या पानं छापून देतात. रक्ताचा थेंब न घेता रक्तातलं कॅल्शियम कळत नाही. जारच्या पाण्यानं खनिजं संपतात हेही तसंच. आरओमुळे पाण्यातली खनिजं कमी होतात हे खरं, पण आपल्याला ती मुख्यतः जेवणातून मिळतात.

मॅग्नेशियमचं मात्र थोडं खरं आहे. ते कमी पडू शकतं. पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, लघवी वाढवणारी गोळी असेल, साखर हाताबाहेर असेल किंवा दारू असेल तर पडतं. शरीरातलं जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, त्यामुळे रिपोर्टवरून नेहमी कळतंच असंही नाही. पण ज्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळं, जवस, हरभरा आहे, त्यांना पावडर कशाला? १०० ग्रॅम ज्वारीत १०० मिलिग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम असतं. चमचाभर सैंधवातून काही मिलिग्रॅमच मिळतं.

ताणाचंही तसंच. झोप उडते, बीपी चढतं, पाळी पुढं-मागं होते, साखर वाढते. सोयाबीनचा भाव पडलेला, कर्जाचा हप्ता तोंडावर, पोरीचं लग्न ठरलेलं, अशा घरात ताण नाही असं कोण म्हणेल? पण सगळ्याला ‘ताण’ म्हटलं की खरी कमतरता शोधायचं राहून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. दम लागतो, केस गळतात, हातपाय गळून जातात, याचं पहिलं कारण बहुतेक घरांत हेच असेल. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात.

आणि ‘हार्मोन संपलेत’ हे वाक्य बीड, धाराशिवकडच्या ऊसतोडणीच्या बायकांना ऐकवून पावडर विकली जाते, ते मला सगळ्यात जास्त लागतं. राज्य सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्यासमोर आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येक जणी तिशीतल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्यांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू कमी होत नाही, एकदम थांबतं. अंगातून वाफा निघणं, रात्रीचा घाम, चिडचिड आणि पुढं हाडं ठिसूळ होणं. हे ताणानं झालेलं नाही, ऑपरेशननं झालंय, आणि त्यावर उपचार आहेत.

तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिचं ऑपरेशनचं कार्ड शोधा आणि त्यात एकच गोष्ट बघा: अंडाशयं ठेवली की काढली. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत बहुतेक वेळा कळतं. काढली असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, हार्मोनचे उपचार तिला चालतील का ते विचारा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. थायरॉईडची गोळीही चालू असेल तर कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर द्या.