'इफ'च्या बाजूला 'वुड' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'कळलं असतं तर आलो असतो' अशा, न घडलेल्या भूतकाळाच्या इंग्रजी वाक्यांवरचा माझा लेख आपण वाचलात, त्याबद्दल आभार. लेख वाचून आपण लिहिलंत : "इफच्या भागात वुड कधीच येत नाही, हा पुस्तकी हट्ट आहे. अमेरिकेत लोक सर्रास 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणतात. तुमच्यासारखे मास्तर भाषा मारून टाकतात." त्यापुढे आणखी तीन आक्षेप आहेत : मिश्र वाक्यं गाळली, 'हॅड आय नोन' (म्हणजे 'इफ आय हॅड नोन'च, इफ गाळून) आता कुणी वापरत नाही, आणि अशा वाक्यातली अट खोटीच, म्हणजे न घडलेलीच, असते असं नाही.

मास्तर म्हटल्याचा मला राग नाही. राग 'तुमच्यासारखे' या शब्दाचा आहे. आपली ओळख नाही, एकत्र चहा घेतलेला नाही, आणि एका लेखावरून थेट खुनाचा आरोप! मुद्दा मांडायला एवढा आवेश लागत नाही. तोच मुद्दा दोन ओळींत, नीट मांडता आला असता.

'कधीच' हा शब्द जरा जास्त झाला, हे मान्य. 'इफ यू वुड वेट हिअर' अशी विनंती करतात, आणि तिथे वुड बरोबरच असतं. पण माझा लेख विनंत्यांवर नव्हता.

आता तुमच्या अमेरिकेकडे वळू. बोलताना लोक तसं म्हणतात, हे मलाही माहीत आहे. भरभर बोलताना 'आय हॅड'चं 'आय'ड' होतं आणि 'आय वुड'चंही 'आय'ड'च होतं. कानाला दोन्ही सारखीच, मग गल्लत व्हायला कितीसा वेळ लागणार? पण तोच माणूस अर्ज किंवा अहवाल लिहायला बसला, की 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम' असंच लिहिणं त्याच्याकडून अपेक्षित असतं. हॅड अटीच्या बाजूला, वुड हॅव परिणामाच्या बाजूला. छापील मजकुरात संपादक सहसा दोन्हीकडे वुड टिकू देत नाहीत.

आपल्या मुलांची अडचण तर वेगळीच आहे. 'कळलं असतं तर आलो असतो' यात दोन्हीकडे 'असणं' आहे. त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव घालायचा मोह होतो. म्हणजे अमेरिकन माणूस ऐकून चुकतो आणि आपण मराठीतून विचार करून चुकतो. 'तेही तसंच बोलतात' हे त्याला औषध कसं?

हे मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. वह्या तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. माझ्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या ठिकाणी परदेशी ग्राहकाला पत्र लिहिलं : 'इफ यू वुड हॅव टोल्ड अस अर्लिअर...' उत्तरात ग्राहकाने ते वाक्य जसंच्या तसं उचलून, 'वुड हॅव' खोडून वर 'हॅड' लिहून परत पाठवलं. बाकी पत्राबद्दल एक अक्षर नाही. पोराने तो कागद माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा बघायला तुम्ही तिथे नव्हतात. मी होतो. तेव्हा भाषा कोण मारतं आणि कोण मार खातं, हे मला शिकवू नका.

उरलेलं थोडक्यात. मिश्र वाक्यं मुद्दामच गाळली. 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी रिच नाऊ' : अट भूतकाळातली, परिणाम आजचा. ज्याला साधं वाक्य जमत नाही त्याच्यासमोर हे ठेवून काय साधणार? 'हॅड आय नोन' कुणी वापरत नाही म्हणता? औपचारिक पत्रं वाचत नसाल, दुसरं काय.

खोट्या अटीचा मुद्दा तुम्ही नवा शोध लावल्यासारखा मांडलात. ॲलन रॉस अँडरसन या तत्त्वज्ञाने १९५१ सालीच तो मांडलाय : जोन्सने आर्सेनिक हे विष घेतलं असतं, तर आत्ता दिसताहेत नेमकी तीच लक्षणं दिसली असती. इथे बोलणाऱ्याला जोन्सने ते घेतलंच असावं असा संशय आहे. उदाहरण सुरेख आहे, पण नवशिक्याला पहिल्या धड्यात मी ते देणार नाही, तुम्ही आणखी दहा प्रतिक्रिया लिहिल्यात तरी.

लिहा मात्र जरूर. फक्त पुढच्या खेपेला 'तुमच्यासारखे' वगळून.