‘मॉन्टेरी पॉप’चा शेवट: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मॉन्टेरी पॉप’ या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवावरच्या माहितीपटाबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने महोत्सवात गिटार पेटवली ती रविवारी रात्री, आणि रविशंकर वाजवून गेले होते त्याच दिवशी दुपारी. तरी दिग्दर्शक पेनबेकरने सतार शेवटी आणली, म्हणजे माहितीपटाच्या नावाखाली प्रेक्षकांची फसवणूक केली. शिवाय सतार वाजत असताना कॅमेरा हिप्पींच्या चेहऱ्यांवरच फिरत राहतो, तबल्यावर साथ करणारे अल्लारखाँ तर दिसतच नाहीत. ‘सवाईत कुणी असं चित्रीकरण केलं असतं तर आपण खपवून घेतलं असतं का?’ असं तुम्ही विचारलंय.

क्रम बदललाय, यात वाद नाही. पण जून १९६७ मधल्या त्या तीन दिवसांत तीसच्या आसपास कलाकार आणि बँड वाजवून गेले, आणि चित्रपट आहे जेमतेम ८० मिनिटांचा. तो महोत्सवाचा अहवाल नाही आणि तसा आव कुठे आणतही नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की बदललेल्या क्रमातून काय साधलं. हेंड्रिक्सवर संपवला असता तर चित्रपट आगीवर संपला असता. त्याआधी ‘द हू’ या रॉक बँडने वाद्यांची मोडतोड केलेली आहेच. गिटार पेटवण्याचा प्रकार आपल्याला किती लागला, हे रविशंकरांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. वाद्याची पूजा करणाऱ्या परंपरेतला माणूस दुसरं काय म्हणणार? पेनबेकरच्या मनात नेमकं काय होतं यावर मी दावा करत नाही. मला मात्र पडद्यावर असं दिसतं की मोडतोडीनंतर शेवटचा शब्द त्याने वाद्य जपणाऱ्यांना दिला. आणि नुसता शब्द नाही, जवळजवळ अठरा मिनिटं दिली! गायिका जॅनिस जॉप्लिनला एक गाणं, गायक ओटिस रेडिंगला दोन, आणि सतार-तबल्याला चित्रपटाचा पाचवा हिस्सा. १९६८ साली प्रदर्शित झालेल्या अमेरिकन चित्रपटात, जो मुळात एका टीव्ही वाहिनीसाठी सुरू झाला होता, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता कॅमेऱ्याबद्दल. चित्रण झालं ते खांद्यावर पेलता येणाऱ्या १६ मिमी कॅमेऱ्यांवर. चारशे फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं. रविशंकर त्या दुपारी तीन तासांच्या आसपास वाजवत होते. आवाज ध्वनिमुद्रणाच्या फितीवर सलग घेता येतो, चित्र नाही. कॅमेरामनला कुठे थांबायचं, काय सोडायचं हे जागच्या जागी ठरवावं लागतं. तरीही ही केवळ अडचणीतून काढलेली वाट आहे असं मला वाटत नाही. सुरुवातीला लोक इकडेतिकडे रेंगाळताहेत, कुणी झोपलंय, आणि वादक दिसतच नाहीत. मग हळूहळू चेहरे स्थिर होतात. त्या गर्दीत स्वतः हेंड्रिक्स बसलाय, गिटारवादक माइक ब्लूमफील्ड आहे, ‘मंकीज’ या बँडचा मिकी डोलेन्झ आहे. ब्लूमफील्डचा चेहरा पुन्हा बघा. तो मजा बघायला आलेला माणूस नाही. समोरच्याच्या बोटांतून काय निघतंय ते समजून घ्यायला धडपडणारा वादक आहे. सवाईतसुद्धा पुढच्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या बुजुर्ग गवयाकडे आपली नजर जातेच की! त्याची मान कुठे हलली, हे बघण्यातही ऐकणं असतं.

आणि अल्लारखाँसाहेब दिसतच नाहीत, हे तुमचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. उत्तरार्धात लय चढते तसा कॅमेरा या दोघांवरून हलत नाही. सवाल-जवाबात रविशंकर तुकडा टाकतात आणि खाँसाहेबांच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, हात मग पडतो. मुंबईत राहून त्यांनी घडवलेले शिष्य आणि खुद्द त्यांचे चिरंजीव झाकीरभाई आपण सगळ्यांनी ऐकलेत. पण ऐन उमेदीतल्या खाँसाहेबांना इतक्या जवळून बघायला दुसरीकडे कुठे मिळतं?

चित्रपटाचा खरा दोष वेगळाच आहे आणि तुम्ही त्याला हात लावलेला नाही. जे वाजतंय त्याला तिथे भीमपलास राग म्हटलंय. प्रत्यक्षात ऐकू येते ती धून, म्हणजे हलकीफुलकी रचना, आधी दादरा तालात आणि मग जलद लयीतल्या तीनतालात. दुपारचा भीमपलास त्यांनी वाजवला होता, पण तो चित्रपटात नाही, रागाची तालाविना संथ मांडणी करणारा आलाप नाही, संथ लयीतला विलंबित भाग नाही. त्यामुळे ज्यांनी आपलं संगीत पहिल्यांदा इथे ऐकलं, त्यांना ते चढत्या वेगाचं आणि शेवटच्या ‘झाला’ या अतिजलद भागाचंच संगीत वाटलं असणार. हे नुकसान मोठं आहे. त्यापुढे दुपारचं रात्रीनंतर दाखवणं मला किरकोळ वाटतं.

त्या दुपारची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघालेली आहे. तीत भीमपलास आहे, अल्लारखाँचं एकतालातलं एकल वादन आहे आणि ही धूनही आहे. ती ओळीने ऐका, मग चित्रपटातली शेवटची अठरा मिनिटं पुन्हा लावा. त्यानंतरही मत तेच राहिलं तर जरूर लिहा. आलापाशिवाय शेवट चालतो का, यावर मला तुमच्याशी अजून बोलायचंय.