आजोबा, तुम्हाला दिसलं ते बरोबरच होतं

नमस्कार आजोबा,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव न घालता 'एक आजोबा' एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तशीच हाक मारते. उत्तराला चार दिवस लागले. दोनदा लिहिलं आणि पुसलं, कारण दोन्ही वेळा मी माझ्या लेखाचीच बाजू मांडत बसले होते.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं की बेडका हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. आजोबांच्या १४ महिन्यांच्या नातीला सर्दी-खोकला झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा म्हणाले, पोर धापा टाकतेय, दवाखान्यात नेऊ या. घरच्यांनी मोबाइलवर माझा लेख काढून दाखवला: व्हायरल आहे, आपोआप जाईल. पाचव्या दिवशी पहाटे तिला न्यूमोनिया म्हणून ॲडमिट करावं लागलं, दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. आता ती घरी आहे. आजोबांचं म्हणणं असं: तुम्ही लेख लिहून मोकळ्या होता, भोगावं आम्हाला लागतं. आमचे जुने डॉक्टर एक इंजेक्शन द्यायचे आणि पोर संध्याकाळी खेळायला लागायचं. घशात जंतू असतात हे तुम्हीच लिहिता, मग ते मारायचे का नाहीत? आणि सगळ्या लशी वेळेवर झालेल्या असताना न्यूमोनिया झालाच कसा?

आधी माझी चूक. त्या लेखात औषध कधी घ्यायचं नाही हे मी दोन पानं भरून लिहिलं. घरी बसून लक्ष कशावर ठेवायचं, याला मात्र शेवटी एकच वाक्य दिलं: 'धाप लागल्यास डॉक्टरांना दाखवावे.' धाप म्हणजे नेमकं काय, ती मोजायची कशी, किती झाली की निघायचं, यातलं काहीही नाही. तुमच्या घरच्यांनी लेख चुकीचा वाचला असं मी म्हणणार नाही. जे मी ठळक लिहिलं होतं तेच त्यांना दिसलं. तुम्हाला मात्र पोर दिसत होतं.

हे मला कळायला हवं होतं, कारण हाच धडा मी एकदा शिकले आहे. इंटर्नशिपला ग्रामीण रुग्णालयात होते. एक आजी सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, लेकराचं पोट उडतंय." मी स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजूंना हवा नीट जात होती, बुडबुडे काही ऐकू आले नाहीत. ताप बेताचा. खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि घरी पाठवलं. अंगातलं झबलं मी वर केलंच नव्हतं, झबल्याखालूनच स्टेथोस्कोप सरकवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली तेव्हा लेकराचे ओठ निळसर होते. सिस्टरांनी झबलं काढलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, भात्यासारखा. जीपमधून जिल्ह्याला पाठवलं, वाचलं ते. आजी मला एका शब्दाने बोलली नाही. तिने आदल्या दिवशी नेमका शब्द वापरला होता, आणि मी कानाला नळ्या लावून दुसरंच काहीतरी शोधत होते.

श्वास का पाहायचा, तर लहान मुलांत न्यूमोनिया कानापेक्षा डोळ्याला लवकर सापडतो. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू आणि पाण्याने भरल्या की ते फुप्फुस कडक होतं, फुगायला जड जातं. पुरेसा ऑक्सिजन मिळवायला मूल मग उथळ आणि भराभर श्वास घेतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आकडे ठरवून दिले आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर तो वेगवान श्वास. तुमच्या नातीसाठी आकडा होता ४०.

मोजायचं असं. मूल शांत असताना, जमलं तर झोपेत. रडताना, पिताना मोजू नका. कपडा वर करून पोट उघडं करा. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. पोट वर जाऊन खाली आलं की एक. ताप चढलेला असेल तर त्यानेही श्वास वाढतो, म्हणून तापाचं औषध देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पुन्हाही आकडा जास्तच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल कण्हत असेल, दूध-पाणी घेत नसेल, सगळं ओकून टाकत असेल, झटका आला असेल, ओठ निळे पडले असतील किंवा मूल गळून पडलं असेल, यातलं एक जरी दिसलं तर मोजत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर नुसता वेगवान श्वासही पुरे.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना आणि दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. तिथे बायकांकडे या आजाराला आपले शब्द होतेच, 'लहक', 'धापा'. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. कार्यकर्त्यांकडे को-ट्रायमोक्साझोल हे साधं अँटिबायोटिक होतं. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले. या पद्धतीने उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, आणि तुलनेसाठी घेतलेल्या भागात १३.५ टक्के. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. गावच्या कार्यकर्त्यांनी आणि दायांनी पोट बघून हे केलं. म्हणून तुम्ही 'धापा टाकतेय' म्हणालात तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाचा घोर नव्हता. ते निदान होतं.

आता जंतू का मारायचे नाहीत, या प्रश्नाकडे येते. मुलांच्या न्यूमोनियातला मुख्य बॅक्टेरिया न्यूमोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने दिसतो, टोकाशी निमुळता, भोवती रंग न घेणारं कडं. ते कडं म्हणजे साखरेच्या साखळ्यांचं चिलखत, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. ग्रॅम स्टेन ही जंतू रंगवून बघायची, आज प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाणारी पद्धत १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅमने बर्लिनमध्ये शोधली, तीही न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसांत हे जंतू दिसावेत म्हणूनच. पण हाच न्यूमोकोकस असंख्य धडधाकट मुलांच्या नाकात-घशात बिऱ्हाड करून असतो, काही त्रास न देता. सर्दीचा विषाणू येतो आणि श्वासनलिकेची आतली झाडलोट करणारे बारीक केस निकामी करतो. मग वर राहणारा हा पाहुणा खाली फुप्फुसात उतरू शकतो. १९१८ च्या तापाच्या साथीत, जी आपल्याकडे मुंबईतून शिरली, माणसं मेली ती बहुतेक अशीच: इन्फ्लुएन्झाने वाट मोकळी केली आणि मागून बॅक्टेरियांचा न्यूमोनिया आला.

मग सर्दी लागल्याच दिवशी अँटिबायोटिक दिलं तर वाट बंद होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. ते करून पाहिलं गेलंय, आणि साध्या सर्दीत आगाऊ औषध दिल्याने न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. घशातले औषधाला मरणारे जंतू मरतात, न मरणाऱ्यांना जागा मोकळी होते, आणि चार दिवसांनी जो खाली उतरेल तो कदाचित त्यांच्यातला असेल. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन दिवसांच्या कोर्सबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडच्या न्यूमोकोकसमध्ये त्याला दाद न देणारे आता खूप आहेत. अमॉक्सिसिलिन हे जुनं, स्वस्त औषध मुलांच्या न्यूमोनियात अजूनही पहिलं आहे, आणि ते टिकावं म्हणूनच माझी सगळी धडपड चालू आहे.

तुम्ही फ्रिजमधल्या उरलेल्या अर्ध्या बाटलीचाही उल्लेख केलाय, ती दिली असती तर, म्हणून. पाणी घातलेलं ते औषध साधारण आठवडाभरच चांगलं राहतं, ती बाटली ओतून द्या. पण नातीला अँटिबायोटिक हवंच होतं, यात आपलं दुमत नाही. नाक वाहू लागलं त्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तुम्ही बोललात तेव्हा, ते डॉक्टरांच्या हातून योग्य मापात सुरू व्हायला हवं होतं.

जुन्या डॉक्टरांच्या इंजेक्शनबद्दल एवढंच म्हणेन की बहुतेक सर्द्या तशाही बऱ्या होतात, आणि इंजेक्शननंतर बरी झाली की श्रेय इंजेक्शनला जातं. त्या डॉक्टरांनी मुलाला उघडं करून पाहिलं असेल, पोटावर हात ठेवला असेल, ते मात्र आमच्या पिढीत कमी झालंय.

लशीचं उत्तर सोपं आहे. न्यूमोकोकसचे शंभराच्या वर प्रकार आहेत, प्रत्येकाचं चिलखत वेगळं. सरकारी लसीकरणातली पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी दिली जाणारी, त्यातल्या गंभीर आजार करणाऱ्या निवडक प्रकारांवर चालते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस दहा प्रकारांवरची आहे. पेंटा या पाच आजारांवरच्या एकत्र लशीत एचआयबी या न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या जंतूची लस असते. बाकीचे प्रकार, इतर बॅक्टेरिया आणि न्यूमोनिया करणारे विषाणू उरतातच. लशी झाल्या नसत्या तर त्या पहाटे काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही, पण पुढच्या नातवंडालाही त्या वेळेवर द्या.

मूळ लेख मी काल बदलला. श्वास मोजायची रीत आणि तिन्ही आकडे आता सगळ्यात वर आहेत, बेडक्याच्या रंगाची चर्चा खाली गेली. तुमची प्रतिक्रिया तिथे तशीच ठेवली आहे, ती काढणार नाही.

नातीचा खोकला अजून दोन-तीन आठवडे रेंगाळेल, त्याला घाबरू नका. पुन्हा ताप आला किंवा श्वास वाढला तर लगेच दाखवा. १६ महिन्यांची झाली की तिचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आहे, तो किरकोळ खोकल्यासाठी पुढे ढकलू देऊ नका. आणि रोज रात्री ती झोपली की तुम्हीच एकदा मिनिट लावून मोजा. निरोगी असतानाचा तिचा आकडा घरात कुणाला तरी पाठ असायला हवा, आणि तो तुम्हाला असावा असं मला वाटतं.