आपल्या हातात गेमबॉय नव्हता, ब्रिक गेम होता

"नव्वदच्या दशकात गावातल्या प्रत्येक पोट्ट्याकडे गेमबॉय होता, त्यात 9999 गेम होते, लाईट गेली की अंधारात खेळायचो, व्यसन कुणालाच नव्हतं, मोबाईल आला अन् सगळं संपलं." हा मजकूर सध्या आपल्या वऱ्हाडातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरतो आहे. त्या खेळावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल असं काहीबाही पसरलेलं खपत नाही.

गेमबॉय जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, 1989चा. त्याच्या पाठीत गेमचं कार्ट्रिज, म्हणजे खेळ भरलेली डबी, घालावं लागायचं. आपल्याकडे आठवडी बाजारात, बहिरमच्या यात्रेत मिळायचा तो चिनी ब्रिक गेम: कार्ट्रिजला जागाच नाही, पडद्यावर 10 बाय 20 चौकोन. आणि प्रत्येकाकडे कुठला? गल्लीत एखाद्याकडे असायचा, बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून नंबर लावायचे.

9999 हा आकडा फक्त खोक्यावर. आत विटा, गाडी, रणगाडा, साप असे मोजके खेळ. त्यांचेच वेग आणि लेव्हल वेगळे धरून आकडा फुगवलेला.

अंधाराची गोष्ट तर साफ खोटी. त्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता. भारनियमनात कंदिलाजवळ सरकून, गेम तिरपा धरला तरच विटा दिसायच्या. खऱ्या गेमबॉयलाही उजेड नव्हता, आणि त्यामागे विचार होता. तो घडवणारे निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी साधा, स्वस्त, बिनरंगी पडदा निवडला. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या गेम गिअर या हातातल्या गेमला 1990 मध्ये रंग आणि उजेड दोन्ही होते, पण सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर दहा तासांच्या वर चालायचा. रेडिओचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरणाऱ्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

व्यसनाचं म्हणाल, तर विटांचा मूळ खेळ म्हणजे टेट्रिस. तो 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी रचला. डोळे मिटले तरी विटा पडताना दिसतात, याला 'टेट्रिस इफेक्ट' असं नावच पडलं आहे. आपले पोट्टे थांबायचे ते सेल उतरले म्हणून, मन भरलं म्हणून नाही.

मोबाईलने ब्रिक गेम मागे पाडला, एवढं मात्र खरं. 2003च्या नोकिया 1100 मध्ये साप आयताच आला. पण हातातले कन्सोल, म्हणजे गेमची यंत्रं, संपले नाहीत: 2004चा निन्टेंडो डीएस 15 कोटींहून जास्त विकला गेला, 2017 मध्ये निन्टेंडोचाच स्विच आला.

घरात माळ्यावर जुना ब्रिक गेम पडला असेल तर भंगारात देऊ नका. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरने घासा, नवे सेल घाला आणि लेकरांना खेळू द्या.