ठिणगी पडली ती डोनरच्या घरात

परवा जेवताना भाचा म्हणाला, "मावशी, सुपरहिरोंचं हे सगळं वेड आयर्न मॅनपासून सुरू झालं. त्याच्या आधी काही नव्हतंच." त्याचा जन्म २००८चा, म्हणजे आयर्न मॅन आला त्याच वर्षीचा. त्याच्यासाठी गोष्ट तिथूनच सुरू होते, यात नवल नाही. पण मला ते काही पटेना, आणि पोळ्या लाटता लाटता नीट सांगताही येईना. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी त्याची बाजू सांगते, कारण तिच्यात दम आहे. मार्व्हल ही कॉमिक्सवाली कंपनी १९९६च्या शेवटी दिवाळखोरीत गेली होती. त्याच्या आगेमागच्या पडत्या काळात जी पात्रं विकता येतील त्यांचे सिनेमाचे हक्क विकले गेले. स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे. घरातलं सोनं आधीच गेलेलं. मग २००५मध्ये कंपनीने ठरवलं की उरलेल्या पात्रांवर आपले आपणच सिनेमे काढायचे, आणि त्यासाठी कॅप्टन अमेरिका, ॲव्हेंजर्स अशा पात्रांचे हक्क गहाण टाकून ५२ कोटी ५० लाख डॉलरची कर्जाची सोय केली. सिनेमे पडले असते तर ती पात्रंही गेली असती. अशा वेळी दिग्दर्शक जॉन फॅवरोने हट्ट धरला तो रॉबर्ट डाउनी ज्युनिअरसाठी. व्यसनं आणि तुरुंग यांतून बाहेर आलेला नट, त्याच्यावर एवढे पैसे लावायला कोण तयार होणार? पण त्या माणसाच्या डोळ्यांत टोनी स्टार्क, म्हणजे चिलखताआतला आयर्न मॅन, होता. सिनेमा चालला, पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून अख्खी मार्व्हल विकत घेतली, आणि २०१९च्या एंडगेमपर्यंत ती गाडी थांबली नाही. जगभरात साधारण २८० कोटी डॉलरची कमाई! आपल्याकडेही पहाटेचे शो लागले होते, आणि ते भरलेही होते.

एवढं सगळं खरं. पण आयर्न मॅनवर कर्ज द्यायला बँक तयार का झाली? कारण त्याआधी २००० साली एक्स-मेन आणि २००२मध्ये स्पायडर-मॅन येऊन गेले होते. सॅम रायमीच्या स्पायडर-मॅनने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि तोवर कुठल्याच सिनेमाला ते जमलं नव्हतं. म्हणजे आग आधीच लागलेली होती.

मग ती लावली कोणी? बरेच जण म्हणतात, कॉम्प्युटरने. इमारतींमधून झोके घेणारा स्पायडर-मॅन आधी दाखवताच येत नव्हता, आता येऊ लागला, म्हणून लोक आले. हे अर्धंच खरं आहे. २००४मध्ये कॅटवुमन आला, तेव्हाही तेच कॉम्प्युटर होते, पैसा होता, हॅली बेरीसारखी ऑस्कर मिळवलेली नटी होती. सिनेमा साफ आपटला. त्याआधी १९९७मध्ये बॅटमॅन अँड रॉबिनचं तेच झालं. पैशाची कमी नव्हती, जॉर्ज क्लूनी होता, आणि तरीही त्या सिनेमानंतर पडद्यावरचा बॅटमॅन थेट २००५पर्यंत गायब झाला. कुठल्याच दृश्यात कोणी त्या पात्रांवर विश्वास ठेवून काम करत नव्हतं. प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

११ सप्टेंबरचंही कारण सांगतात, आणि ते मी हलकं मानत नाही. स्पायडर-मॅनच्या पहिल्या टीझरमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांच्या मधे जाळं विणलेलं होतं आणि त्यात दरोडेखोरांचं हेलिकॉप्टर अडकायचं. हल्ल्यानंतर तो टीझर मागे घ्यावा लागला. त्याच न्यूयॉर्कमध्ये आठच महिन्यांनी एक पोरगा लोकांना वाचवताना दिसला, तेव्हा तिथल्या माणसांना काय वाटलं असेल! पण लोक थिएटरात का आले एवढंच यातून कळतं. तो सिनेमा इतका मनापासून केलेला का होता, याचं उत्तर आणखी मागे आहे.

माझ्या मते ते १९७८मध्ये आहे. दिग्दर्शक रिचर्ड डोनरचा सुपरमॅन.

मी तो पाहिला १९८९च्या सुमारास, साताऱ्याला. तेव्हा टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, रात्रभर जागून तीन-चार कॅसेट संपवायच्या आणि सकाळी सगळं परत करायचं. बाबांनी दोन हिंदी आणि एक इंग्रजी कॅसेट आणली होती. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, बाबाच मधेमधे अर्थ सांगत होते. आई मागे बसून उद्यासाठी लसूण सोलत होती. सुपरमॅन अजून सुपरमॅन झालेला नाही, शेतावर राहणारा तरणा पोरगा आहे, आणि त्याला सांभाळणारा बाप अंगणात चालता चालता छाती धरून कोसळतो. पुढच्या दृश्यात स्मशानभूमीत तो आईला म्हणतो, माझ्याकडे एवढ्या शक्ती, आणि मी त्यांना वाचवूसुद्धा शकलो नाही. बाबांनी हे मराठीत सांगितलं. आईचे हात थांबले. "एवढं बळ असून बापाला नाही वाचवता आलं पोराला?" एवढंच ती बोलली. पुढचा सिनेमा तिने लसणाकडे न बघता पाहिला.

त्या क्षणापर्यंत त्या पोराची एकाही गुंडाशी गाठ पडलेली नाही, त्याने एकही ठोसा मारलेला नाही. तो निळा-लाल पोशाखसुद्धा अजून दिसलेला नाही! तरी साताऱ्यातल्या एका बाईला तो पोरगा आपला वाटला. मी ठिणगी म्हणते ती ही.

डोनरने आपल्या ऑफिसात एक पाटी लावली होती. तिच्यावरच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ साधारण असा, की जे दाखवाल ते खरं वाटलं पाहिजे. तोवर मोठ्या माणसांच्या लेखी हा विषय पोरखेळ होता. टीव्हीवरचा साठच्या दशकातला बॅटमॅन तर हसण्यासाठीच होता. डोनरने ठरवलं की हसायचं नाही. जाहिरातही तशीच होती, माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल. आणि तो बसवण्यासाठी काय काय केलं! पोशाख निळा, त्यामुळे निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण केलं तर पोशाखच पार्श्वभूमीत विरघळून जायचा. मग झोरान पेरिसिक नावाच्या तंत्रज्ञाने कॅमेरा आणि प्रोजेक्टर या दोन्हींच्या झूम लेन्स एकमेकांशी जुळवून घेतल्या. नट जागच्या जागी टांगलेला, पण पाहणाऱ्याला वाटतं तो लांबून आपल्या अंगावर झेपावतोय. सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह स्वतः ग्लायडर उडवायचा, त्यामुळे हवेत वळताना शरीर कसं झुकतं हे त्याला ठाऊक होतं. नुसत्या तारांनी ते साधलं नसतं.

तरीही मला विचाराल तर त्या सिनेमातली सगळ्यात मोठी करामत उडण्याची नाहीच. सुपरमॅनला आवडणारी पत्रकार लोइस लेन, तिच्या घरातला एक शॉट आहे. ती कोट आणायला आत गेलेली. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बाहेर उभा, खांदे पडलेले, मान पुढे, आवाज पातळ. तिला खरं सांगून टाकायचं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत चार बोटं उंच होतो. आवाज खाली उतरतो. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली. कुठेही कट नाही. काही सेकंदांचा खेळ आहे आणि त्यात कॉम्प्युटर नाही, तार नाही, फक्त नट आहे. नुसत्या चष्म्याने कोणी ओळखू येत नाही असं कसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो शॉट पाहावाच.

आता घराण्याची गोष्ट. डोनरची बायको लॉरेन शूलर डोनर ही स्वतः मोठी निर्माती. २००० सालचा एक्स-मेन तिने काढला. तिच्या हाताखाली एक तरुण मदतनीस होता, केविन फायगी. त्यातल्या वुल्व्हरिन या पात्राचे केस कॉमिक्समध्ये आहेत तसेच टोकदार उभे राहिले पाहिजेत म्हणून सेटवर तो अडून बसला होता. पुढे मार्व्हल स्टुडिओचा कारभार त्याच्याकडे आला आणि आयर्न मॅनपासून एंडगेमपर्यंत सगळं त्याच्या देखरेखीखाली झालं. आपले बहुतेक सिनेमे सुरू करण्याआधी आम्ही डोनरचा सुपरमॅन लावून बघतो, हे त्याने जाहीरपणे सांगितलेलं आहे. पलीकडे सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी कॉमिक्समध्ये ज्याचा शब्द बरीच वर्षं चालला तो जेफ जॉन्सही सुरुवातीला डोनरचाच सहायक होता. दोन्ही प्रतिस्पर्धी दुकानं चालवणारी माणसं एकाच घरात शिकली! डोनर २०२१मध्ये गेला, तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

ही शिकवण सगळ्यात चांगली कुठे उतरली असेल तर स्पायडर-मॅनच्या दुसऱ्या भागात, २००४मध्ये. पीटर पार्करचं, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनचं, घरभाडं थकलंय, पिझ्झा पोचवायची नोकरी गेलीय, धुलाईच्या मशीनमध्ये पोशाखाचा रंग सुटून बाकीच्या कपड्यांना लागलाय. आणि मग तो रेल्वेचा प्रसंग. ब्रेक गेलेली गाडी तो छातीच्या जोरावर थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. प्रवासी त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात, खाली निजवतात. मुखवटा नाही, चेहरा उघडा. एकजण म्हणतो, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाहून मोठा नसेल. मी त्या दिवसांत डोंबिवलीहून रोज लोकलने जायचे. डब्यात कोणी चक्कर येऊन पडलं की पाय ठेवायला जागा नसलेल्या गर्दीतूनसुद्धा वाट होते, कुणीतरी उठून जागा देतं, कुणाची तरी पाण्याची बाटली पुढे येते, हे मी कितीदा पाहिलं होतं. थिएटरात रडू आवरलं नाही मला.

नोलनचा डार्क नाइट मी याच्याच शेजारी ठेवते. हीथ लेजरचा जोकर भयंकर आहे, त्याला मृत्यूनंतर मिळालेलं ऑस्कर रास्तच होतं. पण मला आठवतात त्या दोन बोटी. दोन्हींवर माणसं खचाखच, प्रत्येकीच्या हाती दुसरी बोट उडवायचं बटण, आणि कोणीच ते दाबत नाही. तिथे बॅटमॅन जिंकत नाही, बोटीवरची माणसं जिंकतात.

अलीकडचे मार्व्हलचे बरेच सिनेमे मला यामुळेच लागत नाहीत. विश्वं वाढली, भाडं थकलेला माणूस दिसेनासा झाला. अपवाद आहेत. २०२३चा तो ॲनिमेशनमधला स्पायडर-मॅन भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेल्या मुंबट्टनमध्ये तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर उड्या मारतो तेव्हा भाच्याइतकीच मीही खूश होते.

तर काल रात्री भाच्याला घेऊन १९७८चा सुपरमॅन लावला. पहिला तास तो मोबाइल चाळत होता. बाप पडला तेव्हा मोबाइल पालथा ठेवला. चष्म्याचा शॉट आला तेव्हा रिमोट माझ्या हातातून घेतला, मागे नेला, परत पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. "हे एकाच टेकमध्ये आहे?" म्हणाला. मग विचारलं, दुसरा भागही यानेच केला का? मी सांगितलं, डोनरने बराचसा केला होता, पण निर्मात्यांशी बिनसलं आणि त्याला काढून टाकलं. त्याने चित्रित केलेलं जमवून २००६मध्ये त्याच्या नावाची वेगळी आवृत्ती निघाली.

ती आम्ही येत्या रविवारी बघतोय. आईलाही बोलावलंय.